तिसऱ्या गिअरचे दात

मित्रांनो, शर्यतीची गाडी समोरून सुसाट निघून जाते तेव्हा तुमचे डोळे तिच्या रंगावर जातात, चाकांवर जातात, चालवणाऱ्याच्या शिरस्त्राणावर जातात. तिच्या पोटात बसलेल्या माझ्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही. मी तशाच एका गाडीतला जुना गिअरबॉक्स आहे. वजन पस्तीस किलो, गिअर सहा, वय चौदा वर्षे. सुरतेजवळ इच्छापोरला एक पत्र्याची शेड आहे, तिथे खिडकीजवळच्या टेबलावर मी आता बसून असतो. काम नसले की आठवणी फार येतात, आणि माझ्या आठवणींत एक माणूस पुन्हा पुन्हा येतो. त्याचे नाव नागनाथ. माझी गोष्ट सांगायची तर मला त्याचीच सांगावी लागेल. ज्यांनी मला घडवले त्यांनीही मला एवढे ओळखले नव्हते.

माझा जन्म परदेशातला. पोलाद कापून, भट्टीत तापवून, तेलात विझवून माझे गिअर तयार झाले. मग लाकडी खोक्यात घालून बोटीने मला हजीऱ्याच्या बंदरात उतरवले. तिथून शेडपर्यंतचा रस्ता अर्ध्या तासाचा. खोके उघडले तेव्हा दोन चेहरे वाकून माझ्याकडे पाहत होते. एक भूपेंद्रभाईंचा. साड्यांवर भरतकाम करणाऱ्या यंत्रांचा त्यांचा मोठा कारखाना होता, आणि शर्यतीच्या गाडीचा त्यांना तरुणपणापासून नाद होता. दुसरा चेहरा नागनाथचा. भूपेंद्रभाई माझ्या चकाकीकडे बघत होते. नागनाथने मात्र माझा मुख्य दांडा बोटांनी हळूच फिरवला आणि कान माझ्या अंगाला लावला.

"काय म्हणतो?" भूपेंद्रभाईंनी हसत विचारले.

"अजून काही बोलत नाही, शेठ. ओळख व्हायला वेळ लागेल."

मी काय काम करतो ते आधी सांगतो. साध्या मोटारीत चालवणारा हवा तो गिअर टाकू शकतो. माझे गिअर ओळीने चालतात. पहिल्यानंतर दुसरा, दुसऱ्यानंतर तिसरा, आणि उतरतानाही एकेक करत. चालवणाऱ्याने हाताशी असलेला दांडा मागे ओढला की एक पायरी वर, पुढे ढकलला की एक पायरी खाली. साध्या गाडीतले गिअर एकमेकांना सांभाळून घेत सावकाश जुळतात. मला तेवढी सवड नसते. माझ्या गिअरांच्या कडेला चौकोनी दात आहेत. क्षणात ते एकमेकांत घुसतात आणि घट्ट धरतात. कारागीर त्या दातांना 'डॉग' म्हणतात. दातांच्या कडा धारदार असतील तर पकड पक्की बसते. कडा गोलावल्या की पकड सुटते, आणि वेगात असताना पकड सुटली तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून मला सारखे उघडून बघावे लागते. साधा गिअरबॉक्स वर्षानुवर्षे कुणी उघडत नाही. मला मात्र प्रत्येक शर्यतीनंतर. हे काम नागनाथचे होते.

नागनाथचे वडील हिंगोलीकडच्या खेड्यातून रेल्वेच्या कामाला सुरतेत आले आणि इथेच राहिले. नागनाथ आधी कापडगिरणीत फिटर होता, नंतर हजीऱ्याच्या एका कारखान्यात कंत्राटदाराकडे क्रेनचे अजस्र गिअरबॉक्स दुरुस्त करी. एकदा भूपेंद्रभाईंचे एक यंत्र कुणालाच दुरुस्त करता येईना, तेव्हा त्यांनी नागनाथला बोलावले. त्याने यंत्राला हात लावायच्या आधी पाऊण तास नुसते ते चालू ठेवून ऐकले. भूपेंद्रभाईंनी तिथेच ठरवले की हा माणूस आपल्याकडे पाहिजे.

मला उघडण्याची त्याची एक रीत होती. आधी माझे तेल तो पांढऱ्या परातीत काढी. तळाच्या बोल्टाला लोहचुंबक असते, ते बाहेर काढून उजेडात धरी. त्यावर काजळासारखा राखाडी लेप असला तर तो मान डोलवी, कारण एवढी झीज चालायचीच. पण चमचमणारा कीस दिसला की त्याच्या कपाळाला आठी पडे. मग एकेक भाग रॉकेलमध्ये धुऊन तो जुन्या साडीच्या तुकड्यावर ओळीने मांडी. कुठला भाग कुठल्या अंगाला तोंड करून होता, हेसुद्धा तो कधी चुकत नसे. दात तपासायचे, गिअर सरकवणारे फाटे तपासायचे, मापे घ्यायची, जे उतरले असेल ते बदलायचे, आणि मग पुन्हा सगळे जिथल्या तिथे.

गाडी चालवायचा हितेश. तो भूपेंद्रभाईंचा भाचा, तेव्हा एकोणीस वर्षांचा. हात धीट होता, पण सवयी वाईट होत्या. पहिल्याच वर्षी नागनाथने माझ्यातला एक फाटा काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

"हे बघ. हा एकाच अंगाला चकाकतोय. गाडी चालवताना तुझा हात दांड्यावर टेकलेला असतो."

"तुम्हाला कसं कळलं, काका? तुम्ही तर गाडीत नव्हता."

"हा होता ना," नागनाथ माझ्याकडे बोट करून म्हणाला. "हा सगळं सांगतो. आणि दांडा ओढायचा तर पुरता ओढ. भीत भीत ओढलास तर दात अर्धेच बसतात आणि कडा जातात. हात टेकवायचा असेल तर घरी सोफ्यावर टेकव."

हितेश ओशाळला, पण शिकला. तिसऱ्या वर्षी आम्ही पहिली मोठी शर्यत जिंकलो. शेडमध्ये घारीच्या मिठाईचे डबे आले. गाडीचे फोटो निघाले, हितेशचे निघाले, चाकांचे काम बघणाऱ्या बन्सीलालनेही पुढच्या चाकावर हात ठेवून फोटो काढून घेतला. सगळे पांगल्यावर नागनाथ गाडीच्या मागच्या बाजूला आला. माझे अंग अजून गरम होते. त्याने ओले फडके माझ्यावर टाकले आणि दोन थापा मारल्या. मित्रांनो, मला आयुष्यात मिळालेली ती सर्वांत मोठी शाबासकी.

अशी सहा-सात वर्षे गेली. फार चांगली वर्षे होती ती. मग काही गोष्टी बदलायला लागल्या, आणि त्या आधी मला कळल्या, कारण नागनाथचे हात सर्वांत जास्त वेळ माझ्यातच असत.

पूर्वी तो दात बघत असे. आता तो दात चाचपू लागला. मापाचे यंत्र वाचायची वेळ आली की बन्सीलालला हाक मारी, "जरा आकडा वाच रे, माझे हात तेलाचे आहेत." हात तेलाचे असले म्हणून डोळ्यांना काय अडचण, हे बन्सीलालच्या डोक्यात आले नाही. टेबलही त्याने हळूहळू दाराकडे सरकवले होते. आणि एके दिवशी त्याने माझ्या तळाचे लोहचुंबक काढले, उजेडात धरले, "बरा आहे" म्हणाला आणि फडक्याने पुसून टाकले. त्यावर पोलादाची एक बारीक कपची चिकटलेली होती. ती त्याला दिसली नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो. त्याला सांगावेसे फार वाटले. पण मला बोलता येते ते फक्त आवाजाने आणि झिजेने, आणि झीज वाचणारे डोळेच साथ सोडत होते.

त्याच सुमाराला वादळाने शेडचे पत्रे उडाले. दुरुस्तीला आठवडा लागणार होता आणि शर्यत तोंडावर आली होती. नागनाथने मला टेम्पोत घातले आणि कोसाडला आपल्या घरी नेले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. दारातच त्याची बायको अंजनाबाई लाकडी चौकटीवर ताणलेल्या साडीला खडे चिकटवत बसली होती. बाजारातून साड्यांचे गठ्ठे घरी यायचे, आणि आसपासच्या बायका हेच काम करायच्या. अंजनाबाईचे काम परत आले असे कधी झाले नव्हते.

"हे काय आणलं वो घरात?" तिने विचारले.

"गिअरबॉक्स हाय. चार दिवस राहील."

"पाव्हणा लई जड दिसतो. आन् त्याला काय माझ्या परातीत आंघोळ घालणार हाव?"

"दुसरी परात न्हाई घरात."

"मंग नवी आणा आधी. त्या रॉकेलात मी पीठ मळायची न्हाई."

नवी परात आली. अंगणात नागनाथने मला उघडले आणि धुतलेले गिअर साडीच्या तुकड्यावर मांडले. अंजनाबाई चहा घेऊन आली आणि सहज टेकली. तिने एक गिअर उचलला.

"ह्याला काय म्हणत्यात?"

"त्या दातांना डॉग म्हणत्यात. इंग्रजीत कुत्रा."

"कुत्रा? चावतो का मंग?"

"चावला तरच गाडी पळती," नागनाथ हसला.

अंजनाबाई हसली नाही. तिचे बोट एका दातावर थांबले होते. तिने तो गिअर ठेवला, दुसरा उचलला, मग पुन्हा पहिला घेतला. साडीच्या कामात तिची एक युक्ती होती. खड्याची कड फुटकी असेल तर ती साडीचा दोरा ओढते, म्हणून प्रत्येक ओळ झाल्यावर ती जॉर्जेटची एक चिंधी वरून अलगद फिरवून बघायची. तीच चिंधी तिने कमरेची काढली आणि माझ्या दातांवरून फिरवली. चार दातांच्या कडांना चिंधी अडली. पाचव्यावरून सुळकन घसरली.

"ह्यो एक उतरलाय बगा. बाकीच्यांची कड हाय, ह्याची गेली."

"कुठं?"

"ह्यो काय, इथं."

"कुठं म्हनतो मी?"

तिने त्याच्याकडे पाहिले. दात त्याच्या नाकासमोर होता. त्याचे डोळे मात्र थोडे बाजूला, भलतीकडेच बघत होते.

"तुमाला दिसत न्हाई व्हय?" तिने हळू विचारले.

नागनाथने गिअर तिच्या हातातून घेतला, अंगठा दातावरून फिरवला, पुन्हा फिरवला. वर्षानुवर्षे रॉकेल आणि पोलाद हाताळून त्याच्या अंगठ्याला घट्टे पडले होते. शेवटी तो म्हणाला, "मधोमध डाग आल्यावानी दिसतंय. कडंनं दिसतं. मधलं दिसत न्हाई."

"कवापासून?"

"झालं असंल वरीस."

"साखर हाय तुमाला. डाक्टरनं डोळं दाखवा म्हनून दोनदा सांगितलं हुतं. गेला न्हाईत न्हवं?"

"शर्यत झाली की जातो."

अंजनाबाई त्याच्यासमोर बसली आणि एकेक गिअर हातात घेऊन तपासू लागली. कुठला दात कसा असायला हवा ते तो सांगे, कसा आहे ते ती सांगे. संध्याकाळी उजेड जाईपर्यंत दोघे बसून होते. तिच्या साडीचे काम त्या दिवशी राहूनच गेले. उतरलेला दात ज्या गिअरचा होता तो बदलला, आणि ती शर्यत आम्ही व्यवस्थित पार पाडली.

शर्यत झाली. नागनाथ डॉक्टरकडे गेला नाही. पुढची शर्यत आली, तीही झाली. शेडचे पत्रे केव्हाच बसले होते, तरी तो मला दर वेळी टेम्पोतून कोसाडला नेत राहिला. "घरी शांतता असते, शेठ, काम नीट होतं," असे त्याने भूपेंद्रभाईंना सांगितले. ते खरेही होते, पण पुरते खरे नव्हते. दीड वर्ष अंजनाबाई त्याचे डोळे झाली. तिने माझे सगळे भाग नावानिशी ओळखायला घेतले. चुंबकावरचा कीस ती खडे निवडावेत तशी निवडून पांढऱ्या कागदावर मांडी आणि सांगे, "आज तीनच हायत, मागल्या बारीला पाच हुते." मी खोटे सांगत नाही, त्या दीड वर्षात मी जेवढा चांगला चाललो तेवढा आधीही चाललो नव्हतो. शेजारणी विचारत, "अंजनाबाई, आता गाड्या बी दुरुस्त करता काय?" ती म्हणे, "पाव्हणा आलाय, त्याचं दात बघते."

पण प्रत्येक वेळी मला बंद करताना ती एकच वाक्य म्हणायची. "आता तरी शेठला सांगा." आणि तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "सांगतो."

नागनाथ वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. तो घाबरलेला माणूस होता. फिटरची सगळी इज्जत त्याच्या नजरेत आणि हातात असते, आणि त्यातली नजर गेली म्हणून सांगणे म्हणजे आपण संपलो म्हणून सांगणे, असे त्याला वाटे. आज सांगू, उद्या सांगू करत दिवस जात राहिले.

मग कोइमतूरची शर्यत आली. हंगामातली ती शेवटची. आम्ही गुणांत सर्वांच्या पुढे होतो. नुसते पहिल्या पाचात आलो असतो तरी वर्षाचा चषक आमचा होता. तीन दिवस प्रवास करून आम्ही पोहोचलो. सकाळच्या सरावात हितेश चारच फेऱ्या मारून परत आला. शिरस्त्राण काढत म्हणाला, "काका, त्रीजो निकळी जाय छे. तिसरा बसतो, आणि जोर दिला की सुटतो. दोनदा झालं."

शर्यतीला तीन तास होते. नागनाथने आणि बन्सीलालने घाईघाईने मला गाडीतून उतरवले. नागनाथने मला उघडले, तिसरा गिअर बाहेर काढला. आणि तो तसाच थांबला.

अंजनाबाई चौदाशे किलोमीटरवर होती. तिने निघताना दिलेली जॉर्जेटची चिंधी त्याच्या खिशात होती. त्याने ती दातांवरून फिरवली. कधी अडल्यासारखी वाटे, कधी घसरल्यासारखी. तिच्या हलक्या हाताला जे कळे ते त्याच्या हाताला कळेना.

"तू बघ," त्याने हितेशला सांगितले.

हितेशने बघितले. "मला सगळे सारखेच दिसतात, काका."

शेजारच्या गाडीचा एक कारागीर जाता जाता डोकावला. त्याने वरून नजर टाकली, "चलेगा" म्हणाला, आणि आपल्या कामाला निघून गेला. तिसऱ्या गिअरचा नवा जोड आमच्याकडे नव्हता. तो परदेशातून यायचा होता. बन्सीलाल म्हणाला, "तो म्हणतोय चालेल, तर बसवून टाकू."

नागनाथने फोन काढला आणि घरी व्हिडिओ कॉल लावला. हितेशने फोन हातात धरून दात दाखवले, आणि शेजारचा कारागीर काय म्हणाला ते नागनाथने सांगितले. कोसाडच्या दारात बसून अंजनाबाईने बराच वेळ बघितले.

"फोटूत कळत न्हाई," ती म्हणाली. "त्या मानसानं हात लावून बघितलं का?"

"न्हाई. वरनं."

"मंग मी बरं हाय म्हननार न्हाई. हात लावल्याबिगर मी कुनाच्या पोराला त्यात बसवायची न्हाई. तुमी सांगा शेठला. आता सांगा."

भूपेंद्रभाई तेवढ्यात आलेच होते. "शुं थयुं? काय झालं? केवढा वेळ? फोनवर कोण आहे?"

नागनाथ उठून उभा राहिला. तेलाचे हात त्याने पँटला पुसले. मी त्याला चौदा वर्षे ओळखतो, पण त्याचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता.

"शेठ, मला दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"दात दिसत नाही. आकडा दिसत नाही. तुमचं तोंडसुद्धा नीट दिसत नाही. अडीच वर्षं झाली."

मग भूपेंद्रभाईंचा आवाज चढला. "अडीच वर्षं! आणि माझा भाचा या गाडीत बसत होता? मग आजपर्यंत बघत कोण होतं?"

"माझी बायको."

भूपेंद्रभाईंनी हितेशच्या हातातल्या फोनकडे पाहिले. फोनवर अंजनाबाई डोक्यावरचा पदर सावरून तशीच बसलेली होती. तिने नजर खाली घातली नाही.

"त्यांची चूक झाली, शेठ," ती म्हणाली. "माझी बी झाली. मी तुमाला सांगायला पायजे हुतं. पन दीड वरीस एक बी दात मी हात न लावता बसवू दिला न्हाई. आज मी तिथं न्हाई. आज माझ्याच्यानं सांगवत न्हाई."

भूपेंद्रभाई बाहेर निघून गेले. थोड्या वेळाने परत आले आणि एवढेच म्हणाले, "गाडी नाही उतरणार." दुपारी बाकीच्या गाड्या आमच्यासमोरून गेल्या. त्यांच्या गिअरांचे आवाज मला पडल्या पडल्या ऐकू येत होते. चषक दुसऱ्या कुणाचा तरी झाला.

इच्छापोरला पोहोचल्यावर भूपेंद्रभाईंनी गाडी पाठवून अंजनाबाईला बोलावून घेतले. ती पहिल्यांदाच शेडमध्ये येत होती. चपला दाराशी काढून आत आली. टेबलावर माझा तिसरा गिअर होता. तिने तो हातात घेतला, बोट फिरवले, चिंधी फिरवली, पुन्हा बोट फिरवले. सगळे तिच्याकडे बघत होते.

"दात बरं हायत," ती म्हणाली. "जरा घासल्यात, पन बरं हायत. हे पळलं असतं."

मित्रांनो, तो क्षण फार अवघड होता. नागनाथ खाली बसला. भूपेंद्रभाईंचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात बन्सीलाल गाडीखालून म्हणाला, "ही बघा भानगड." हितेशचा हात ज्या दांड्यावर असतो, तिथून माझ्यापर्यंत एक सळई येते. तिच्या टोकाचा नट सैल होऊन दोन आटे मागे आला होता. दांडा पुरता ओढला तरी ओढ माझ्यापर्यंत अर्धीच पोचत होती. म्हणून तिसरा सुटत होता. दिसणाऱ्या फिटरने ते चकाकणारे दोन आटे एका नजरेत पकडले असते आणि पाच मिनिटांत नट आवळला असता.

"म्हणजे फुकट गेलं सगळं," भूपेंद्रभाई म्हणाले.

"मामा," हितेश म्हणाला, "तिथं हे कुणाला माहीत होतं? काका 'ठीक आहे' म्हणाले असते तर मी बसलो असतो. त्यांच्या शब्दावर मी दर वेळी बसत आलो. ते नाही म्हणाले, म्हणून मी पुढेही बसेन."

भूपेंद्रभाई निघून गेले. आठ दिवस शेडला कुलूप होते.

नवव्या दिवशी ते कोसाडला गेले. हे मला नंतर कळले. दारात उभे राहून त्यांनी नागनाथला म्हटले, "चल, कपडे घाल." नागनाथला वाटले, हिशेब चुकता करून निरोप देणार. त्यांनी त्याला डोळ्यांच्या इस्पितळात नेले. डॉक्टरांनी सांगितले की साखरेमुळे डोळ्याचा पडदा खराब झालाय. उजव्या डोळ्याचे गेले ते गेले. डावा इंजेक्शने देऊन आहे तेवढा टिकवता येईल. दोन वर्षांपूर्वी आला असता तर दोन्ही टिकले असते. बाहेर आल्यावर भूपेंद्रभाई रागाने म्हणाले, "त्या लोखंडाला दर पंधरा दिवसांनी उघडून बघत होतास, आणि स्वतःला?" मग त्यांचा आवाज खाली आला. "मीसुद्धा कधी विचारलं नाही. दहा वर्षं रोज तुला बघतोय."

नागनाथचे काम गेले नाही, पण ते पहिल्यासारखेही राहिले नाही. फिटर म्हणून त्याचे नाव त्यानेच काढून घेतले. अंजनाबाई शेडमध्ये यायला लागली, आधी शर्यतीपुरती, मग रोज. मापाचे यंत्र वाचायला ती बन्सीलालकडून शिकली. नागनाथ शेजारी स्टुलावर बसे. आवाज त्याच्याकडे, दात तिच्याकडे, अशी वाटणी झाली. चषक आम्हाला पुढेही मिळाला नाही. एकदा दुसरे आलो, एकदा पाचवे. पण त्यानंतर एकही शर्यत मी अर्ध्यात सोडली नाही.

गेल्या वर्षी नवी गाडी आली. तिच्या स्टिअरिंगवरच बटणे आहेत. बोट दाबले की गिअर बदलतो. माझी गरज संपली. मला वाईट वाटले, नाही म्हणत नाही. इतकी वर्षे दर पंधरवड्याला हाताळला गेलेला मी, आता महिनोन्‌महिने नुसता पडून राहणार होतो.

मला टेबलावर ठेवण्याआधी अंजनाबाईने शेवटचे उघडले. सगळे भाग धुऊन मांडले, एकेक तपासला. मग तिने नागनाथचा हात धरून तिसऱ्या गिअरवर ठेवला.

"सांगा, कसा हाय?"

"मला काय विचारतीस? तू बघितलं की."

"माझं बघून झालं. आता तुमी सांगा."

हल्ली तो लोखंडात फारसा हात घालत नव्हता, त्यामुळे त्याच्या अंगठ्याचे घट्टे मऊ झाले होते. त्याने सावकाश एकेक दात चाचपला. पाचही झाले, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अंजनाबाई घाई न करता थांबली.

"दुसरा जरासा उतरलाय," तो म्हणाला. "बाकीचे बरे आहेत."

"बराबर," ती म्हणाली आणि मला बंद करायला घेतले.

मित्रांनो, यंत्राची काळजी घ्या, त्याला वेळेवर तेल द्या, असे सांगायला तुमच्याकडे पुष्कळ जण येतील. ते ऐकाच. माझे मागणे थोडे वेगळे आहे. तुमच्या घरात कुणी जिना उतरताना हल्ली भिंत धरून उतरत असेल, टीव्हीचा आवाज रोज थोडा वाढवत असेल, किंवा हाक मारल्यावर भलत्याच दिशेला बघत असेल, तर त्यांना हसू नका आणि रागवूही नका. शेजारी बसा आणि नुसते विचारा. ती माणसे आपणहून सांगणार नाहीत. त्यांना सांगायला लाज वाटते, आणि लाज बाळगण्यात फार वेळ निघून जातो. आणि त्यांनी खरे सांगितले, तर त्यांचे काम हातातून काढून घेऊ नका. अर्धे आपण उचला, अर्धे त्यांच्याकडे राहू द्या.